आकाशांतील इनामदारी

२०२४ च्या कार्तिकांत विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू असतां आमच्या शाळेच्या पटांगणांत एक हेलिकॉप्टर उतरलें. आदल्या दिवशीं पटांगणावर पाणी मारून चुन्याचें मोठें वर्तुळ काढण्यांत आलें होतें. मुलांना अर्ध्या दिवसाची सुटी द्यावी असा निरोप आला, आणि आम्हीं ती दिली. पुढारी आले, शेजारच्या मळ्यांतील मांडवांत वीस मिनिटें बोलले आणि निघून गेले. शाळेचे पत्रे थडथडले, धुळीनें डोळे भरले, आणि कुंपणापलीकडे एका कुणब्यानें वाळत घातलेलें सोयाबीन उडून रानभर पांगलें. तो बिचारा दिवस मावळेपर्यंत बायकापोरांसह दाणे वेंचीत होता.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत दुसरा विषय नव्हता. सुताराच्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तें विमान त्या साहेबांचें स्वतःचें होतें काय?" आम्हीं सांगितलें, "नाहीं रे, भाड्याचें होतें." मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग भाडें कोण देतो?"

"पक्ष देतो," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु ज्या घरांत बाजाराला माल न्यायचा तर टेंपोच्या भाड्यासाठीं चारचौघांची जुळवाजुळव करावी लागते, त्या घरचें पोर हा प्रश्न विचारणारच. तेव्हांपासून तो आमच्या डोक्यांतून गेला नाहीं. भाड्याच्या व खाजगी विमानांचा जो धंदा जगभर वाढला आहे, त्याला हाच प्रश्न लावून पाहिला, तेव्हां जो हिशेब हातीं आला तो आज शेतकरी व कारागीर बंधूंपुढें ठेवितों.

प्रथम हा धंदा काय आहे तें समजून घेऊं. वेळापत्रकाप्रमाणें सुटणारें विमान म्हणजे एस. टी. ची गाडी. तिकीट काढावें, रांगेंत उभें राहावें, शेजारी कोण बसेल तें बसेल. भाड्याचें खास विमान म्हणजे वऱ्हाडासाठीं केलेली खास गाडी. फरक एवढाच कीं वऱ्हाडाच्या गाडींत माणूस मावत नाहीं, आणि आठ-दहा आसनांच्या या विमानांत पुष्कळदां दोन-तीनच माणसें असतात. त्यांना सोडून विमान दुसरें गिऱ्हाईक आणावयास जातें, तेव्हां तें रिकामेंच उडतें. इंधन जळतें, धूर निघतो, आंत उतारू मात्र एकही नाहीं. जाण्यायेण्याची वाटही निराळी. मोठ्या विमानतळावर या लोकांसाठीं वेगळी इमारत असते. रांग नाहीं, गर्दी नाहीं. मोटार थेट विमानापर्यंत जाते. आम्हांला तर हें नवें सोवळेंच वाटतें. जुन्या सोवळ्याला पाणी लागत असे, नव्याला पैसा लागतो, एवढेंच.

या धंद्याचें माहेरघर अमेरिका. विल्यम लिअर नांवाच्या कारखानदाराचें लहान जेट विमान १९६३ सालीं प्रथम उडालें, आणि धनिकांना व कंपन्यांना स्वतःपुरतें जेट ही गोष्ट आवांक्यांत आली. पुढच्याच वर्षीं, १९६४ सालीं, अशीं विमानें भाड्यानें देणारी एक कंपनी निघाली. तीच आज नेटजेट्स या नांवानें प्रसिद्ध आहे. १९८६ सालीं या कंपनीनें नवी युक्ति काढली. सबंध विमान परवडत नसेल तर त्याचा हिस्सा घ्या. सोळावा हिस्सा घेणाऱ्यास वर्षाकांठीं सुमारें पन्नास तास उडतां येतें. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या जशा भाऊबंदांत वांटतात, तशी ही विमानाची वांटणी.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील प्रसिद्ध धनिक वॉरन बफे हे एके काळीं कंपन्यांच्या विमानांची थट्टा करीत. पुढें त्यांच्याच कंपनीनें विमान घेतलें. १९८९ सालीं जुनें देऊन ६७ लाख डॉलरांचें दुसरें घेतलें, तेव्हां त्याला नांव दिलें 'इनडिफेन्सिबल', म्हणजे ज्याचें समर्थन करतां येत नाहीं असें. नांव मोठ्या प्रामाणिकपणानें ठेवलें, यांत शंका नाहीं. परंतु १९९८ सालीं त्याच गृहस्थांच्या कंपनीनें सबंध नेटजेट्सच ७२ कोटी ५० लाख डॉलरांना विकत घेतली. ज्याचें समर्थन करतां येत नाहीं असें स्वतःच म्हटलें, त्याचाच धंदा उघडला. वस्तूची चटक लागली कीं विवेक मागच्या बांकावर जाऊन बसतो, मग माणूस कितीही शहाणा असो.

कोणी म्हणेल, धनिकानें आपल्या पैशानें विमान घेतलें, तुमचें काय गेलें? हा प्रश्न रास्त आहे. त्यानें सगळा खर्च आपल्या पैशानें केला असता तर हा लेख लिहिण्याचें आम्हांस कारण नव्हतें. आमचें म्हणणें हेंच आहे कीं, विमान खाजगी असलें तरी त्याचा सगळा खर्च खाजगी नाहीं. त्याचा मोठा भाग विमानाचें तोंडही न पाहणाऱ्यांच्या माथीं बसतो. तो कसा, तें तीन कलमांनीं सांगतों.

पहिलें कलम आकाशाच्या राखणीचें. विमानें एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून जमिनीवरून रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो. माणसें, यंत्रें, मनोरे यांना पैसा लागतो. अमेरिकेंत साधा उतारू आपल्या तिकिटावर शेंकडा साडेसात कर देतो, तो या कामीं येतो. स्वतःच्या मालकीच्या जेटमधून उडणाऱ्याला तिकीटच नाहीं, म्हणून तो कर नाहीं; तो इंधनावर थोडासा कर देऊन मोकळा होतो. इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी स्टडीज या संस्थेनें २०२३ सालीं हिशेब मांडून दाखविलें कीं, तेथील सरकारी खातें जीं उड्डाणें सांभाळतें, त्यांत सहांतलें एक खाजगी जेटचें असतें, आणि या राखणीच्या निधींत अशा विमानांकडून येणारा वांटा शंभरांत दोन. म्हणजे सहा शेतांची राखण करणाऱ्या जागल्याला पांच शेतकऱ्यांनीं पायलीपायलीनें धान्य द्यावें, आणि सहाव्या, सर्वांत सधन शेतकऱ्यानें मूठभर दाणे टाकून मिशीवर ताव द्यावा, तसला हा प्रकार.

दुसरें कलम प्राप्तीवरील कराचें. अमेरिकेंत २०१७ च्या कायद्यानें अशी सवलत मिळाली कीं, विमान मुख्यतः धंद्यासाठीं आहे असें दाखविलें तर त्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षीं नफ्यांतून वजा घालावी. विमान पुढें वीस-पंचवीस वर्षें उडत राहतें, पण कराच्या वहींत तें पहिल्याच वर्षीं झिजून संपतें! २०२३ पासून ही सवलत वर्षावर्षानें उतरत होती. जुलै २०२५ मध्यें नव्या कायद्यानें ती पुन्हां पुरी केली. ही सवलत इतर यंत्रांनाही आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु मागाला सूट दिली तर कापड निघतें, चरकाला सूट दिली तर गूळ निघतो. मालकाला समुद्रकांठच्या बंगल्यावर नेणाऱ्या यंत्रांतून काय निघतें? आणि सरकारच्या तिजोरींत जो खड्डा पडतो, तो कोणीतरी भरावाच लागतो.

तिसरें कलम धुराचें. या कलमाची वसुली सगळ्या जगाकडून होते, म्हणून तें नीट ध्यानांत घ्यावें. मोठें खाजगी जेट तासाला दीड हजार लिटरांहून अधिक इंधन पितें. आपला मध्यम ट्रॅक्टर नांगरतांना तासाला पांच-सहा लिटर डिझेल घेतो. म्हणजे दोन-तीन माणसांच्या एका तासाच्या उड्डाणांत जें जळतें, त्यांत ट्रॅक्टर अडीचशें तास नांगरील. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासांत जगांतील सुमारें २६ हजार खाजगी विमानांच्या उड्डाणांची मोजदाद केलेली आहे. २०२३ या एका वर्षांत त्यांनीं १ कोटी ५६ लाख टन कार्बन वायू हवेंत सोडला, आणि २०१९ पासून चार वर्षांत हें प्रमाण शेंकडा ४६ नीं वाढलें. सरासरीनें एका उड्डाणामागें ३.६ टन. आपल्या देशांत माणशीं वर्षाला सुमारें दोन टन पडतात. म्हणजे साहेबांच्या एका फेरींत तुमच्या-आमच्यासारख्या माणसाचें पावणेदोन वर्षांचें खातें संपतें. त्यांतही निम्म्याजवळ उड्डाणें पांचशें किलोमीटरांच्या आंतलीं. रात्रीच्या आगगाडींत बसून सकाळीं उतरावें, इतकेंच तें अंतर.

जगांतल्या सगळ्या धुराच्या मानानें हा आंकडा लहान आहे, हें आम्ही कबूल करतों. एका जेटनें आमचा पाऊस पळविला असें म्हणणारा अडाणी ठरेल. परंतु न्यायाचा प्रश्न आंकड्याच्या लहानमोठेपणानें सुटत नाहीं. उसाचें पाचट जाळूं नका, हवा बिघडते, असें शेतकऱ्याला गांवोगांव शिकवितात. तें शिकविणें योग्यच आहे आणि आम्हीही तेंच शिकवितों. पण ज्यानें घरचें पाचटही जाळूं नये, त्यानेंच लहरी पावसाचा फटका सोसावा, आणि ज्यानें हजारों लिटर इंधन जाळावें, त्याला कोणी उपदेशही करूं नये, ही कोणती नीति?

इनामदारी म्हणजे काय, हें आमच्या वाडवडिलांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. एकाच शिवारांत, एकाच पाटाच्या पाण्यावर दोन जमिनी. रयतेच्या जमिनीवर पुरा सारा, इनामाच्या जमिनीवर सारा माफ किंवा नांवाची जुडी. रस्ता, चावडी, पहारा दोघांनाही. भार मात्र एकावर. मुंबई राज्यांत खाजगी इनामें रद्द करणारा कायदा १९५२ सालीं झाला, तेव्हां कोठें ती माफी उठली. जमिनीवरून उठलेली ही माफी आतां आकाशांत जाऊन बसली आहे. जुन्या इनामदाराजवळ निदान सनद तरी होती!

सनदेवांचून माफी कशी मिळते, याचें उदाहरण फ्रान्सचें. त्या देशानें मे २०२३ मध्यें नियम केला कीं, जेथें आगगाडीनें अडीच तासांच्या आंत जातां येतें, तेथें वेळापत्रकाचीं विमानें उडवूं नयेत. त्याप्रमाणें पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत व लिओं या शहरांना जाणारीं विमानें बंद झालीं. नियम चांगला, आगगाडीनें जावें, धूर कमी करावा. परंतु तो लागू कोणाला? शंभर-दीडशें लोकांना एकत्र नेणाऱ्या विमानाला. दोन माणसांना नेणारें खाजगी जेट त्याच मार्गानें खुशाल जाऊं शकतें. पंगतींत वाढप्यानें गरिबाच्या पानांतला लाडू उचलावा आणि सांगावें कीं गोड खाणें प्रकृतीला वाईट. शेजारच्या पाटावर मात्र परातच ठेवावी, असा हा न्याय झाला. त्याच फ्रान्सनें १ मार्च २०२५ पासून विमानप्रवासावरील कर वाढविला, आणि खाजगी जेटमधून लांब जाणाऱ्या उतारूवर माणशीं २,१०० युरोपर्यंत कर बसविला, हेंही सांगितलें पाहिजे. लोकांनीं ओरड केली म्हणजे राज्यकर्त्यांना ऐकूं येतें, हा त्याचा अर्थ.

लोकांच्या डोळ्याचा धाक काय करतो, हें अमेरिकेंत २००८ सालीं दिसलें. जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या मोटारींच्या तीन मोठ्या कंपन्या डबघाईस आल्या होत्या. त्यांचे मुख्य अधिकारी नोव्हेंबरांत सरकारजवळ २,५०० कोटी डॉलरांचें साह्य मागावयास राजधानींत आले, ते तिघेही आपापल्या कंपनीच्या जेटमधून! हातांत झोळी आणि बसायला अंबारी! प्रतिनिधींनीं भरसभेंत त्यांना याचा जाब विचारला, वर्तमानपत्रांनीं धारेवर धरलें. डिसेंबरांत पुन्हां जाण्याची वेळ आली, तेव्हां तेच तिघे मोटारीनें आले. विमानावांचून काम अडतें, असें जें सांगतात त्यांतलें खरें किती, तें तेव्हां जगाला कळलें.

आतां कांहीं आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप, मास्तरांना विमानांत बसायला मिळत नाहीं, म्हणून कोल्ह्याला द्राक्षें आंबट. आम्हीं कोणाचें विमान हिसकावून घ्या असें म्हटलेलें नाहीं. ज्यानें उडावें त्यानें पुरें भाडें द्यावें, एवढेंच आमचें म्हणणें. दुसरा आक्षेप, या धंद्यावर वैमानिक, कारागीर, इंजिनिअर यांचीं पोटें भरतात. खरें आहे, परंतु तीं माणसें हजारों लोकांना नेणाऱ्या विमानांवरही पोट भरूं शकतात, आणि इनामदाराच्या वाड्यावरही गडी होतेच, म्हणून इनामें ठेवा असें कोणी म्हटलें नाहीं. तिसरा आक्षेप वजनदार आहे. आडगांवच्या रोग्याला शहरांत नेणें, कोणा दात्याचें हृदय वा यकृत वेळेंत दुसऱ्या रुग्णालयांत पोंचविणें, पुरांत अडकलेल्यांना अन्न टाकणें, हीं कामें लहान विमानानें व हेलिकॉप्टरनेंच होतात. तीं अवश्य करावींत, आणि त्यांवर एक पैही कर नसावा. परंतु रोग्याची खाट पुढें करून तिच्याआड मेजवानीचें विमान लपवूं नये.

इतका वेळ परदेशाच्या गोष्टी झाल्या. आतां आपल्या घरचें पाहूं. आपल्या देशांत स्वतःच्या वापरासाठीं आणलेल्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा ४० जीएसटी आहे. हा नियम चांगला आहे. त्यांतून पळवाटा निघूं नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहावें, इतकेंच. आमचें खरें दुखणें दुसरीकडे आहे, आणि तें त्या सुताराच्या पोरानें नेमकें ओळखलें.

विधानसभेच्या उमेदवारानें आपल्या राज्यांत किती खर्च करावा यास मर्यादा आहे. २०२२ पासून ती ४० लाख रुपये आहे. मांडव, खुर्च्या, चहा, कमानी, सगळ्यांचा हिशेब त्याला द्यावा लागतो. परंतु लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याचें ७७ वें कलम असें आहे कीं, पक्षानें नेमलेल्या बड्या प्रचारकांचा विमानानें वा अन्य वाहनानें झालेला प्रवासखर्च उमेदवाराच्या खर्चांत धरला जात नाहीं. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस प्रचारक नेमतां येतात. तो खर्च पक्षाच्या खात्यावर जातो, आणि पक्षानें किती खर्च करावा यास आपल्या कायद्यांत मर्यादाच नाहीं!

याचा परिणाम पाहा. चार गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून उभा केलेला एखादा कुणबी, कुंभार वा चांभार उमेदवार सायकलीवर, फटफटीवर हिंडतो, आणि त्याच्या पेट्रोलचा हिशेब त्याच्या मर्यादेंत धरतात. त्याच्यासमोरच्या उमेदवारासाठीं आकाशांतून प्रचारक उतरतो. त्याच्या एका फेरीचें भाडें आमच्या वर्षाच्या पगाराला गिळील, पण तें मर्यादेच्या वहींत शून्य. मग दोघांची कुस्ती बरोबरीची कशी म्हणावी? आणि पक्षाला भाड्याचा पैसा जो देतो, तो काय पुण्यासाठीं देतो? पेरलें तें उगवतें हें शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. निवडणुकींत पेरलेलें भाडें पुढें ठेक्यांत, जमिनींत आणि भावांत उगवतें. येथें खरा धोका आहे, बंधूंनो. धूळ उडाली त्यांत नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जो खाजगी विमानानें उडतो, त्यानें आकाशाच्या राखणीचा व धुराचा पुरा वांटा द्यावा. रोग्यांच्या व संकटाच्या विमानांस तेवढी माफी असावी. प्रचारकाच्या विमानाचें भाडें ज्या मतदारसंघांत तें उतरलें, तेथील उमेदवाराच्या खर्चांत धरावें. निवडणूक संपतांच प्रत्येक पक्षानें कोणतें विमान किती तास घेतलें, भाडें किती दिलें आणि तें कोणाच्या देणगींतून दिलें, हें आम्हांला वाचतां येईल अशा मराठींत प्रसिद्ध करावें. आणि शाळेच्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत हेलिकॉप्टर उतरवूं नये. कोणाचें पीक उधळलें तर त्याची भरपाई त्याच दिवशीं द्यावी. यासाठीं कायदा बदलावा लागेल तेथें बदलावा. पण प्रश्न विचारायला कायदा लागत नाहीं. ग्रामसभेंत उभें राहावें आणि विचारावें. मत मागावयास आलेल्याला विचारावें. दूरच्या लोकांनींही विचारावयास सुरुवात केली आहे. २०२५ सालीं स्पेनमधील सेव्हिल शहरीं स्पेन, फ्रान्स, केनिया आदि देशांनीं चढ्या दराच्या व खाजगी विमानप्रवासावर कर बसविण्यासाठीं एक जूट केली. ती किती टिकते, तें पुढें दिसेल. परंतु इनामदारी आकाशांतली असली तरी तिला हात लावतां येतो, हें त्यांनीं कबूल केलें.

शेवटीं एक सांगतों. विमानाचा द्वेष मुलांना शिकवूं नका. विमान हें विद्येचें फळ आहे. सुताराच्या, लोहाराच्या घरच्या कसबी हातांनीं तें उघडावें, दुरुस्त करावें, चालवावें, अशी आमची इच्छा आहे. त्या पोराला आम्हीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर अर्धेंच दिलें होतें. या आठवड्यांत त्याला पुरें उत्तर देणार आहों. भाडें थोडें बसणारा देतो, थोडें त्याच्याकडून कांहीं हवें असणारा देतो, आणि उरलेलें, बाळ, तुझा बाप देतो.

— एक शिक्षक